तांडेलाला कसली चक्कर

एका मासिकाच्या संपादकांनी मला चार पानं लिहायला सांगितली आणि विषयही त्यांनीच दिला: व्हीआर हेडसेट घेण्याआधी गिऱ्हाइकाने काय बघावं. आमच्या भागात ही वस्तू दुकानात ठेवणारा बहुधा मीच पहिला, म्हणून हा मान माझ्याकडे चालून आला. मी लगेच हो म्हणालो. घरी येऊन नयनाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग चिंचणीचं लिहिणार ना?”

तेव्हापासून तीन आठवडे मी लिहायला बसतोय आणि उठतोय.

डहाणूत माझं छोटं दुकान आहे. कॅसेटी विकण्यापासून सुरुवात केली. मग टीव्ही, मग सीडीचे प्लेअर, मग मोबाइल आणि त्यांची कव्हरं. ज्या ज्या वस्तूबद्दल मी छातीठोकपणे सांगितलं की आता याच्यापुढे काही निघणार नाही, ती प्रत्येक वस्तू आज माझ्याच माळ्यावर धूळ खात पडली आहे. नयना म्हणते, तुम्ही ज्याची स्तुती कराल ते दोन वर्षांत बंद पडतं, तेव्हा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत जा.

तर हेडसेट. डोळ्यांवर बांधायचा डबा, एवढंच पहिल्यांदा बघणाऱ्याला दिसतं. आत दोन भिंगं आणि भिंगांमागे स्क्रीन. यात दोन जाती आहेत. एका जातीत आपलाच मोबाइल आत सरकवायचा. ते खेळणं आहे. मान फिरवली तर चित्र फिरतं, पण पाऊल पुढे टाकलं तर चित्र जागचं हलत नाही. दुसऱ्या जातीला स्टँडअलोन म्हणतात. त्याला कॉम्प्युटर नको, वायर नको. मेंदू त्याच्याच पोटात असतो. बाहेरून बारीक कॅमेरे लावलेले असतात आणि तुम्ही वाकलात, सरकलात, उठलात की त्याला कळतं. डोक्यावर चढवायचा की आपण घरातल्या घरात दुसरीकडे. मी जे विकतो ते हे.

घेण्याआधी काय बघावं, तर बरंच काही. चार्जिंग साधारण दोन तास टिकतं, खेळ जोरात असेल तर त्याहून कमी. घरात वायफाय नसेल तर मोबाइलचं नेट द्यावं लागतं आणि ते एका दिवसात संपतं. पहिल्यांदा सुरू करताना मोबाइलवरून स्वतःचं खातं काढावं लागतं. दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, त्याप्रमाणे भिंगं सरकवून घ्यावी लागतात, नाहीतर सगळं धूसर दिसतं आणि माणूस समजतो की वस्तूच बोगस आहे. चष्मा असेल तर मध्ये एक कडं बसवावं लागतं. लहान मुलांना देऊ नये, खोक्यावर वय लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. खोलीत मोकळी जागा हवी. आणि भिंगं उन्हाकडे करून ठेवायची नाहीत, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. हे शेवटचं मी प्रत्येकाला न चुकता सांगतो, कारण स्क्रीन जळली की भांडायला माणूस माझ्याकडेच येतो.

इथपर्यंत लिहिलं आणि नयनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, माहितीपत्रक वाटतंय.

मग खरं काय ते सांगतो. हे सगळं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत नाही. माझा सचोटीचा एक हिशेब आहे. ज्याला घ्यायचं नसतं, त्याला मी सगळं खरं सांगतो.

तलासरीकडचे, वेवजीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेचे गुरुजी एकदा आले होते. मुलांना ग्रहतारे दाखवायचे म्हणाले. वही काढून बसले. एक हेडसेट आणि चाळीस मुलं, म्हणजे प्रत्येकाला किती मिनिटं? चार्जिंग किती वेळा? पाड्यावर नेट नाही, तर काय काय आधी भरून नेता येईल? चाळीस जणांचा घाम कपाळाला टेकणाऱ्या एकाच फोमला लागला तर पुसायचं कशाने? असं एकेक विचारत गेले. त्यांच्याकडे शाळेचा ठराव नव्हता, निधी नव्हता, ते घेणार नाहीत हे मला चहा यायच्या आधीच कळलं होतं. मग काय, मी राजा हरिश्चंद्र झालो. फोम पुसण्यापासून डोळे येण्यापर्यंत सगळं सांगितलं. गुरुजी निघताना म्हणाले, “तुमच्यासारखा खरं बोलणारा दुकानदार बघितला नाही.” मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. अशा वेळी हसायला मला छान जमतं.

दुसरा एक जण सीमेपलीकडून, गुजरातेतून, जुना हेडसेट स्वस्तात घेऊन आला. खोकं नाही, बिल नाही. “भाई, बस चालू करी आपो,” म्हणाला. चालू केला तर आत आधीच्या मालकाचं खातं, आणि ते त्याच्या परवानगीशिवाय निघेना. जुना सेट घेताना विकणाऱ्याकडून समोरच्या समोर खातं काढून घ्यायचं असतं. त्याला मी अर्धा तास समजावलं आणि एक पैसाही घेतला नाही. वस्तू माझ्या दुकानातली नव्हती, त्यामुळे तिचे दोष सांगताना जीभ अगदी मोकळी सुटली होती.

आता चिंचणी.

चिंचणी माझी सासुरवाडी. तिथे मी कोणा एकाचा जावई नाही, अख्ख्या आळीचा जावई आहे. ज्या बायका बाजारात पापलेटाच्या वाट्यावरून गिऱ्हाइकाला रडवतात, त्या माझ्या दुकानात आल्या की किंमत विचारत नाहीत. जावयाच्या तोंडचा भाव तो भाव, तिथे घासाघीस करणं कमीपणाचं समजतात. आणि भावाचं जे, तेच सल्ल्याचं. जावई म्हणाला हा टीव्ही चांगला, तर तो चांगला. मला हे फार आवडायचं. माझ्या स्वतःच्या घरात माझं मत कोणी विचारत नाही, तिथे मात्र पन्नास घरांत माझ्या शब्दावर फ्रिज चालत होते.

हरेश्वरकाका नयनाच्या वडिलांचे चुलतभाऊ. तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी परतायचं, हे तो ठरवणार आणि खलाशी ऐकणार. बोट काका आणि त्यांचे धाकटे भाऊ रमेशकाका अशी दोघांची मिळून. रमेशकाका किनाऱ्यावरचं बघायचे, बर्फ, डिझेल, विक्री. पाण्यावरचं सगळं काकांचं. चाळीस वर्षं.

मागच्या हंगामात काका बोटीवरच घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. सहा महिने घरात. डॉक्टरांनी शेवटच्या खेपेला सांगितलं की हाड जुळलंय, आता तोल सांभाळता येतो की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. रमेशकाकांचं म्हणणं होतं की यंदा विनोदला तांडेल करू. विनोद पलीकडच्या आळीतला, चाळिशीचा, दुसऱ्या बोटीवर तयार झालेला. काका म्हणत होते, नारळी पौर्णिमेला मीच बोट काढणार. घरात याच्यावरून बोलणं नव्हतं, पण दोघं भाऊ जेवायला वेगवेगळ्या वेळी बसायला लागले होते.

काकांची मुलगी मंगल तारापूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. हुशार पोरगी. जुलैच्या पावसात ती आणि काकी दुकानात आल्या. मंगलने कुठेतरी वाचलं होतं की हेडसेटमध्ये समुद्र दिसतो, खराखुरा, चारी बाजूंनी. म्हणाली, बाबा दिवसभर भिंतीकडे बघत पडून असतात, चिखलातून किनाऱ्यापर्यंत चालवत नाही, हंगाम सुरू होईपर्यंत निदान घरात बसून समुद्र तरी बघतील.

मी खूश झालो. माझ्याकडे दोन सेट चार महिने पडून होते. मंगलच्या डोक्यावर एक चढवला आणि शांत किनाऱ्याचा देखावा लावला. ती “आई गं” एवढंच म्हणाली आणि हात पुढे करून हवेत पाणी चाचपडायला लागली. काकी शेजारी उभ्या राहून लेकीच्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विक्री तिथेच झाली होती.

पण मंगलने सेट काढला, केस सारखे केले आणि मला विचारलं, “भावोजी, याने चक्कर वगैरे येते का हो? बाबांना चालेल ना?”

उत्तर मला माहीत होतं, आणि पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पहिला सेट आला त्या दिवशी मी स्वतः तो चढवून त्यातल्या आगगाडीसारख्या वर-खाली जाणाऱ्या पाळण्यात बसलो होतो. तीन मिनिटांत काउंटरच्या मागे, टीव्हीच्या उलगडलेल्या खोक्यावर आडवा झालो. गिऱ्हाइकांना वाटलं मला काही अॅटॅक वगैरे आला. नयनाने लिंबू पाजलं. संध्याकाळपर्यंत जमीन हलत होती. कारण अगदी साधं आहे. डोळे सांगतात आपण धावतोय आणि बाकी सगळं शरीर सांगतं आपण खुर्चीत बसलोय. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट मध्येच भांडण सोडवायला येतं. खूप जणांना होतं. पहिल्यांदा स्थिर देखावा बघावा, तोही पाच मिनिटं, पाय जमिनीला टेकवून, समोर पंखा लावून, आणि जरा जरी मळमळलं तरी लगेच काढावा. हळूहळू सवय होते, काहींना होतही नाही. मी हे सगळं बोलू शकलो असतो. पाण्याचा ग्लास प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता.

मी म्हणालो, “तांडेलाला कसली चक्कर?”

काकी हसल्या. मंगल हसली. मीही हसलो, आणि खोक्याला दोरी बांधायला घेतली.

रविवारी दुपारी मी स्वतः सेट लावून द्यायला चिंचणीला गेलो. जावई म्हणून जाणं होतं, त्यामुळे चहा, खारी, वर बोंबलाची भजी. नयना दुकान सांभाळायला थांबली होती. काकांच्या ओटीवर माणसं जमली होती, रमेशकाका होते, दोन-तीन खलाशी होते, शेजारच्या बायका होत्या. काका पांढरा स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते. काठी त्यांनी मुद्दाम कोपऱ्यात लांब ठेवली होती.

आता इथे माझी दुसरी चूक. शांत किनारा लावायचा सोडून मी उधाणातल्या बोटीचा देखावा लावला. एवढी माणसं बघायला आलेली, त्यांच्यासमोर शांत किनारा काय लावायचा? तांडेलाला लाटा दाखवू. मंगलच्या मोबाइलवर काकांना दिसतंय तेच सगळ्यांना दिसेल अशी सोय मी करून दिली, म्हणजे कौतुकात कोणी मागे राहायला नको.

काकांनी डबा चढवला. पहिलं अर्धं मिनिट ते मान फिरवून चारी बाजूंना बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “वारा नाही.” मग बोट लाटेवर चढली. त्यांचे दोन्ही पाय आपोआप फाकले आणि अंग लाटेच्या उलट झुकलं, पण खाली खुर्ची होती, ती काही झुकली नाही. परत लाट आली, परत ते झुकले. मला ते फार गमतीदार वाटलं. मी सगळ्यांना म्हणालो, बघा बघा, अंगात कसं भिनलंय.

दीड मिनिटात त्यांचं कपाळ घामाने डबडबलं. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळले. ते काढा म्हणाले नाहीत. मी नंतर खूपदा विचार केला, त्यांनी तो डबा का काढला नाही. आता मला ठाऊक आहे. बाकी सगळे तमाशा बघायला आले होते आणि काका परीक्षा द्यायला बसले होते.

मग ते एकदम पुढे वाकले. काकींनी मासळी धुवायचं घमेलं कसंबसं पुढे सारलं.

चाळीस वर्षांत हा माणूस बोटीवर कधी ओकला नव्हता. हे मी सांगत नाही, ओटीवरच्या सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. खलाशांनी नजर दुसरीकडे वळवली. मंगलने डबा काढून घेतला. काका आपल्या पायांकडेच बघत होते, हे दुसऱ्या कोणाचे तरी पाय असावेत तसे.

त्या वेळी मी दोन वाक्यं बोलायची होती. काका, हे सगळ्यांनाच होतं. काका, मी स्वतः आडवा झालो होतो. बस. पण मंगल माझ्याकडे बघत होती. तिने दुकानात विचारलेला प्रश्न अजून तिच्या चेहऱ्यावर होता. हे होतं असं आता कबूल केलं, तर तेव्हा का नाही सांगितलं? आणि उघडलेला सेट कंपनी परत घेत नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून भर्रकन गेलं, आणि मी माझ्या त्या दुकानातल्या गोड आवाजात म्हणालो, “सवय राहिली नाही ना काका आता. आणि वयही झालं.”

रमेशकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.  मी आणखी एक भजी खाल्ली. का खाल्ली, देवाला ठाऊक. हात रिकामे होते म्हणून.

घरी आल्यावर नयनाने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, झकास.

नारळी पौर्णिमेला आम्ही दरवर्षी चिंचणीला जातो. मासेमारीची बंदी आधी उठते, पण तिथल्या बऱ्याच बोटी समुद्राला नारळ दिल्याशिवाय निघत नाहीत. आम्ही आदल्या दिवशी सकाळी पोचलो. नयना काकींकडे खोबरं खवायला गेली आणि तासाभराने परत आली ती कमरेला खोचलेला पदरही न सोडता. मी सासऱ्यांच्या पडवीत पेपर वाचत होतो.

काकांनी माघार घेतली होती. त्या रविवारनंतर दोन दिवसांनी त्यांनीच रमेशकाकांना बोलावून सांगितलं की विनोदला विचार. खलाशांसमोर विनोदच्या हातात नारळ दिला, म्हणजे हंगामाचा शब्द दिला. काकींनी का म्हणून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की समुद्राने मला ओळखलं नाही. आणि जावई बोलला ते खरं आहे.

नयनाने हे मला उभ्याउभ्या सांगितलं आणि मग विचारलं, “काय बोलला होता तुम्ही?”

मी सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

“आणि तुम्ही स्वतः पडला होता ते? मी लिंबू पाजलं होतं ते?”

“ते राहून गेलं.”

“राहून गेलं,” ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ती माझ्यावर पुष्कळदा चिडली आहे, मला त्याची सवय आहे. त्या दिवशी ती चिडली नाही. आपल्या माहेरच्या माणसांना आपण काय आणून दिलं, अशा नजरेने तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी काकांकडे गेलो. नयना मागून आली, मी रस्त्यात वळेन असं तिला वाटलं असावं. काका ओटीवर जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. मंगल सुट्टी घेऊन घरी होती. रमेशकाकाही तिथेच विनोदच्या खलाशांची नावं लिहीत होते. मी म्हणालो, काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. हे वयाने होत नाही. समुद्राचा याच्याशी काही संबंध नाही. हे त्या डब्याने होतं, मलाही झालं होतं.

काकांनी मान वर केली नाही. “राहू दे, जावई,” म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून बोलतोस.”

असं झालं बघा. माझं खोटं त्यांनी एका दमात खरं मानलं होतं, आणि खरं बोललो तर ती माझी माया ठरली. आता यावर उपाय एकच होता. मी मंगलला म्हणालो, आण तो डबा. कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मी काकांच्याच खुर्चीत बसलो, तोच उधाणाचा देखावा लावला आणि चढवला.

सकाळचा नाश्ता भरपूर झाला होता. सासुरवाडी होती. दोन मिनिटं मी काढली. तिसऱ्या लाटेला घमेलं, घमेलं असं ओरडलो. मंगलने ते आधीच आणून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

डबा काढला तेव्हा ओटी गरगरत होती. रमेशकाकांचं पेन हातातच राहिलं होतं. नयनाने पाणी दिलं, पण पाठीवरून हात फिरवला नाही. मंगल शांतपणे म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला, भावोजी. सरळ विचारलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “विचारलं होतंस.”

विणायचं थांबवून काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सुटत गेलं. त्यांनी काठी न घेता उठून दोन पावलं टाकली, घमेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “हीच उलटी त्या रविवारी केली असतीस, जावई, तर बोट माझी होती.”

खलाशी असते तर हसले असते. आम्ही कोणी हसलो नाही.

रमेशकाका म्हणाले, दादा, मी विनोदशी बोलतो, अजून आजचा दिवस आहे.  काका म्हणाले, नाही. त्याने दुसरी बोट सोडली आपल्या शब्दावर. नारळ माझ्या हाताने दिलाय, तो मागून घेऊ का? पुढच्या हंगामाचं पुढे बघू. आणि परत जाळ्याशी जाऊन बसले. पुढच्या हंगामाला ते त्रेसष्ट वर्षांचे होतील. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी मात्र वयाबद्दल मी काही बोललो नाही.

सेट मी परत घेतला. मंगल देईना, मी घेतला. तो आता दुकानात आहे आणि गिऱ्हाइकाला दाखवायला तोच काढतो. आधी शांत किनारा. पाच मिनिटं. समोर पंखा. आणि विचारलं नाही तरी सांगतो की याने मला स्वतःला दोनदा गरगरलंय, एकदा दुकानात आणि एकदा सासुरवाडीत. काही लोक हसतात, काही सेट न घेता जातात. घेणाऱ्याने काय बघावं असं कोणी विचारलंच, तर मी म्हणतो, विकणाऱ्याला तुमच्यासमोर घालायला लावा आणि त्याचा चेहरा बघा. यात माझा काही मोठेपणा नाही. झाली ती गोष्ट याने भरून येत नाही, हे मला रोज शटर उघडताना कळतं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भरतीला बोटी निघाल्या. सगळी आळी किनाऱ्यावर होती. पताका लावलेल्या बोटी एकामागून एक खाडीतून बाहेर पडत होत्या. बायकांनी आरती केली, नारळ पाण्यात सोडले. रमेशकाका पाण्यात गुडघाभर उतरून काहीतरी सूचना ओरडत होते. काका वाळूवर काठी रोवून उभे होते, मागे, गर्दीपासून जरा लांब. कोणी त्यांच्याजवळ जात नव्हतं.  नयनाने मला कोपराने ढकललं.

मी जाऊन शेजारी उभा राहिलो.  बोटी लहान लहान होत गेल्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, तिथे बोटीला डावीकडे घ्यावं लागतं, एवढं मलाही इतक्या वर्षांत ऐकून माहीत आहे. त्याच्यापलीकडे मला नुसते ठिपके दिसत होते आणि उन्हाचा चकचकाट.

“आपली बोट दिसते का तुला?” काकांनी विचारलं.

हो म्हणणं अगदी तोंडाशी आलं होतं.

“नाही दिसत, काका.”

त्यांनी हाताचा आडोसा कपाळावर धरला. काठी वाळूत एकटीच उभी राहिली. दोन्ही पाय फाकलेले, अंग किंचित पुढे.

“मला दिसते,” ते म्हणाले. “वळायला उशीर करतोय तो.”